आप्पांचे बिनआवाजी टायर

अजून नीट उजाडलंही नव्हतं, आणि मंगळवार पेठेतले नामांकित गूळ-अडते आप्पासो मगदूम शेजाऱ्याच्या गाडीपुढं गुडघे टेकून तिच्या टायरात अंगठ्याचं नख रुतवत होते. डोक्याला मफलर, अंगात बंडी, आणि चेहऱ्यावर वैद्यानं नाडी बघावी तसा भाव.

गुळाच्या धंद्यात माणसाला ही सवय लागतेच. सौद्याला गुळाचे शेकडो रवे ओळीनं मांडलेले असतात. एकेक रवा म्हणजे चांगली मांडीएवढी ढेप. आप्पा तिच्यात नख रुतवून सांगायचे, की हा कुठल्या गुऱ्हाळाचा, पावसाळा काढणार का श्रावणातच पाझरणार. हे इतकी वर्षं इतकं बरोबर येत गेलं, की जगातली प्रत्येक गोष्ट नखानं कळते असा त्यांचा सिद्धांत झाला होता. कलिंगड, साबण, भिंतीचं प्लॅस्टर, सगळ्यांना ते नख लावून बघत. जावयाला नख लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून बघायच्या कार्यक्रमात त्याचा हात हातात घेऊन जरा दाबून पाहिला होता.

टायर मऊ निघाला. फारच मऊ.

तेवढ्यात शेजारच्या प्रीती कांबळे केरसुणी घेऊन बाहेर आल्या आणि विचारलं, काही हरवलंय का. आप्पांनी सुचेल ते सांगितलं: काल मागच्या चाकात हवा कमी वाटली, म्हणून बघत होतो. हे ऐकून आतून खुद्द धम्मपाल कांबळे टॉवेलनं तोंड पुसत आले आणि म्हणाले, "आप्पा, स्वतःच्या गाडीची एवढी काळजी कोण घेत न्हाय हो. तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं."

झालं. आप्पांचा तो अख्खा दिवस कडू गेला.

कारण धम्मपाल कांबळ्यांचा मोठा दोष हाच होता, की त्यांच्यात दोष नव्हता. पाटबंधारे खात्यात इंजिनियर, दोन वर्षांपूर्वी गल्लीत राहायला आलेले, बोलणं हळू, हसणं खरं. माणूस जरा जरी शिष्ट असता, तरी आप्पांना किती बरं वाटलं असतं. असूयेचं वेलासारखं असतं, तिला वर चढायला काठी लागते. कांबळे काठीच देत नव्हते. मग ती बिचारी जमिनीवरच पसरत गेली आणि आप्पांच्या सगळ्या घरभर झाली.

आता एवढं जळायला झालं होतं काय, तर गाडी.

आप्पांची गाडी चांगली बंद टपाची, आठ माणसं बसतील अशी होती, पण गल्ली तिला जीपच म्हणायची. पावसाळ्यात मुरगूडकडच्या गुऱ्हाळांवर जायचं तर काळ्या चिखलातून वाट काढावी लागते, म्हणून आप्पांनी तिला खोल खाचांचे, जवळजवळ ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले होते. चिखलात त्या टायरांना तोड नव्हती. डांबरी रस्त्यावर मात्र ते गुरगुरायचे. साधंसुधं नाही, वाघाला कुणी उपवास घातल्यासारखे. आप्पा लांब मिरजकर तिकटीच्या चौकात असले, की गल्लीतल्या टपरीवर चहाचे ग्लास एकमेकांशी बोलायला लागायचे.

आणि ह्याच जीपमधून गल्लीतलं प्रत्येक बाळ दवाखान्यातून घरी आलं होतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. फार पूर्वी समोरच्या आक्काताईंच्या थोरल्याला आणताना रिक्षा मिळेना, तेव्हा आप्पांनी जीप काढली. पुढं तो पोरगा धडधाकट वाढला, वर्षाच्या आत धावायला लागला, आणि जीप शुभ ठरली. मग रीतच पडली. बाळंतिणीला घरी सोडणार म्हटल्यावर आधी आप्पांना निरोप, मग नवऱ्याला. गल्लीत आज जी पोरं विटी-दांडू खेळतात, कॉलेजच्या नावाखाली रंकाळ्यावर फिरतात, ती सगळी आप्पांनी "आणलेली". आप्पा कुणाचाही कान धरू शकायचे. "तुला मी आणलाय" एवढंच म्हणायचे, की पोरगं गप्प.

दिवाळीत कांबळ्यांची नवी गाडी आली आणि पहिल्याच दिवशी एक भयंकर गोष्ट घडली: ती आलेली कुणाला कळलीच नाही. दारात उभी दिसली तेव्हा कळलं. लोक बसून बघायला लागले. आतून उतरणारा प्रत्येक जण पाण्यातून वर आल्यासारखा डोळे मिटून म्हणायचा, कसली मऊ चालते. तळहातावरनं नेल्यासारखी.

संक्रांतीला आक्काताईंची सून बाळंत झाली. आप्पांनी जीप धुऊन ठेवली. आणि आक्काताईंनी गाडी सांगितली ती कांबळ्यांना. वर त्या आप्पांना समजूत घालायला आल्या. सुनेला टाके आहेत, जीपमध्ये हिसके बसतात, मनावर घेऊ नका. आप्पा म्हणाले, उलट बरंच झालं, मला आज सौद्याला जायचंच होतं. त्या दिवशी सौदा नव्हता. आप्पा बंद पडलेल्या बाजारात एका पोत्यावर दुपारपर्यंत बसून आले.

तरी ते परक्याचं बाळ होतं. खरा घाव घरातून बसला.

आप्पांची एकुलती एक लेक आदिती कुरुंदवाडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आप्पा स्वतः जीप घेऊन तिला आणायला गेले. दारात उतरली तेव्हा तिचे दोन्ही हात दोन्ही कानांवर होते, आणि ते तिनं चहा पिण्यापुरतेच काढले. संध्याकाळी प्रीती कांबळे भेटायला आल्या. चार बायका बसलेल्या, आप्पा पेपर वाचायचं निमित्त करून कोपऱ्यात. आदिती म्हणाली, "काकू, आमच्या बाळाला तुमच्याच गाडीतनं आणायचं हं. आप्पांच्या जीपमधनं आणलं तर घर येईस्तवर बहिरं हुईल ते."

सगळ्या हसल्या. आप्पाही हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले, इतकं की ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानं, असं सगळ्यांना वाटलं.

त्याच घटकेला आप्पांनी मनात गाठ मारली. गल्लीतली सगळी बाळं आणली, आणि माझं नातवंड त्या कांबळ्याच्या गाडीतनं येणार? जीव गेला तरी नाही.

त्यांनी बायकोपुढं, रत्नाबाईंपुढं विषय काढला. रत्नाबाई म्हणजे घरातलं हायकोर्ट. त्यांनी कांदे नसलेली आमटी ढवळत ढवळत निकाल दिला: "गाडीत बसून मला माझा णमोकाराचा जप ऐकू आला पायजे. आजवर तुमच्या जीपमध्ये मी म्हणत्या का न्हाय हे देवालाबी कळलं नसंल. ऐकू आला, तर नातवंड तुमच्या गाडीतनं. न्हायतर मी कांबळ्यांना सांगितलंय."

आता गल्लीत एखादी गोष्ट गुपचूप करायची म्हटलं, की ती आधी तालमीच्या कट्ट्यावर पोचते. कट्ट्यावर पिराजी पैलवान बसायचे. त्यांनी कुस्ती सोडून तीस वर्षं झाली होती, पण सल्ला देण्याची खुमखुमी ऐन उमेदीत होती. ते म्हणाले, आवाज येतो तो टायर फुगल्यामुळं. फुगलेला माणूसबी आवाज करतो. हवा निम्मी काढा, गादीवानी चालंल. आप्पांनी हवा काढली. जीप हत्ती बसल्यासारखी बसली. स्टिअरिंग वळवायला दोन हात पुरेनात, खांदा लावावा लागला. आणि पुढचा सबंध दिवस कोल्हापुरातला प्रत्येक सायकलवाला, दूधवाला, शाळकरी पोरगा, आणि रंकाळ्यावरची एक भेळवाली आप्पांना हात करकरून सांगत होती, की चाक पंक्चर आहे. चांगुलपणाचा इतका त्रास माणसाला कधी झाला नसेल.

मग टेलर बाळासो आले. त्यांच्या मते आवाज दारांतून आत येतो, तेव्हा दारं भरून काढायची. त्यांनी दुकानातली कापडाची कात्रणं दोन पोती आणून दारांच्या पत्र्यात ठासली. आवाज होता तेवढाच राहिला. फक्त आता काचा खाली जाईनात. मार्चमधल्या उन्हात आप्पा बंद जीपमधून मार्केट यार्डात पोचले, तेव्हा उकळत्या रसाच्या काहिलीतून काढल्यासारखे दिसत होते. हमालांनी आधी पाणी दिलं, मग ओळखलं. कात्रणं त्याच संध्याकाळी बाहेर निघाली.

शेवटी टायरच बदलायचे ठरले. इथं कुणालाही सुचेल, की पलीकडचं दार वाजवावं आणि कांबळ्यांना विचारावं, बाबा रे, कुठले टायर घेऊ. त्यांनी आनंदानं सांगितलं असतं. बरोबर आले असते. चहा पाजला असता. म्हणूनच तर विचारणं शक्य नव्हतं. ज्याच्यावर जळायचं त्यालाच काडेपेटी मागायची, हे आप्पांच्या घराण्यात बसत नव्हतं.

म्हणून ती पहाटेची गुडघे टेकलेली तपासणी. आणि हवेचं निमित्त सांगून घरात शिरण्याआधी आप्पांनी एक काम साधलं होतं: कांबळ्यांच्या टायरावर उठवलेला मापाचा नंबर पाठ केला होता. मोठा लांबलचक नंबर होता, मधे एक तिरकी रेघ, शेवटी इंग्रजी अक्षर. कागदावर लिहिला तर कुणाच्या हाती पडेल, म्हणून आप्पा तो पाढ्यासारखा घोकत राहिले. आंघोळ करताना घोकला. देवळात दर्शनाला उभे राहून घोकला. आपली जीप वेगळी, कांबळ्यांची गाडी वेगळी, दोघींच्या पायांचं माप वेगळं असणार, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. शिवावा कसा? त्यांना टायर नको होते. त्यांना कांबळ्यांचे टायर हवे होते.

खरेदी कोल्हापुरात केली तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळणार, म्हणून आप्पा जयसिंगपूरला गेले. दुकानदारानं जीपकडं पाहिलं, आप्पांनी म्हणून दाखवलेला नंबर ऐकला आणि म्हणाला, "पावणं, ह्यो नंबर तुमच्या गाडीचा न्हवं. ह्यो जरा थोराड हुतोय."

आप्पांनी टायर पुढं ओढला, अंगठा रोवला, डोळे मिटले. मऊ. तोच मऊपणा. त्यांनी डोळे उघडून फक्त म्हटलं, "चढीव."

आणि काय सांगावं. जयसिंगपुरातून बाहेर पडून जीप मोठ्या रस्त्याला लागली, आणि आप्पांना वाटलं आपल्याला ऐकू यायचंच बंद झालं. मग उजवा दिवा दाखवला, तर टिकटिक ऐकू आली. इतक्या वर्षांत तो दिवा वाजतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रस्त्याकडेच्या झाडावरचा पक्षी ऐकू आला. मागच्या बाकड्यावर काहीतरी खुळखुळत होतं तेही ऐकू आलं. आपण स्वतः गुणगुणतोय आणि बेसूर गुणगुणतोय, हाही शोध लागला. आप्पांनी मनातल्या मनात कांबळ्यांना गाडीत बसवलं, गावभर फिरवलं आणि त्यांचा पडलेला चेहरा डोळे भरून पाहिला. असूया बाळगणाऱ्या माणसाच्या आयुष्यात असे दहा मिनिटांचे सण येतात, ते त्यानं साजरे करावेत.

पहिलं डावं वळण आलं.

फळ्यावर नवा कोरा खडू उभा धरून बाईंनी ओढला की सगळ्या वर्गाचे दात आंबतात ना, तसा आवाज आला. पण खडू पोत्याएवढा. जीपच्या एका अंगाचा पत्रा मागं कधीतरी उसाच्या ट्रॉलीला घासून आत दबला होता. जुन्या टायरांना तो लागत नव्हता, हे थोराड टायर मात्र डावीकडं वळलं की त्याला घासत होते. उजवीकडं वळलं तर काही नाही. सरळ गेलं तर काही नाही. म्हणजे जग जर फक्त सरळ आणि उजवीकडं असतं, तर ही कोल्हापूर जिल्ह्यातली सगळ्यात शांत गाडी होती.

परत दुकानात जायचं म्हणजे "ह्यो नंबर तुमचा न्हवं" हे दुसऱ्यांदा ऐकायचं. आप्पा पुढं निघाले.

शहराच्या तोंडावर जकात नाका. तिथला कारकून जीपमध्ये डोकावला आणि मागं रचलेले चार जुने टायर बघून म्हणाला, माल कुठला. आप्पांनी सांगितलं, माल नव्हे, माझेच टायर, सकाळी ह्याच गाडीला होते, आता हे नवे घातले. कारकुनानं विचारलं, सकाळी ते शहरातून बाहेर गेले ह्याला पुरावा काय. आप्पा म्हणाले, गाडी चाकांशिवाय जाते काय? कारकून म्हणाला, ते मला माहीत नाही, नियमात चाकांचा उल्लेख नाही. शहरात नसलेला माल शहरात आला की जकात. बरं, हे जुने टायर मुळात शहरातलेच होते, असं आप्पा म्हणाले, तर त्याचाही पुरावा हवा होता. वाद वाढला. मागं ट्रका लागल्या. कोरे टायर चाकात असल्यामुळं माफ आणि झिजलेले टायर आत असल्यामुळं गुन्हेगार, हे आप्पांच्या व्यापारी डोक्यात शिरेना.

शेवटी नाक्यावरचा म्हातारा शिपाई लांबून बघत होता तो जवळ आला. जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सायेब, ही गुरगुरणारी जीप की. रोज हितनं जात्या. सकाळी गेल्याली मी झोपंतनं ऐकल्या. आज वरडना, म्हणून मी आदुगर वळखली न्हाय."

कारकुनाला पुरावा पटला. गाडी सुटली. पण आप्पांच्या मनात ते वाक्य काट्यासारखं राहिलं. इतकी वर्षं आपण कपाळाला गंध लावून, पांढरी टोपी घालून ह्या नाक्यावरून जातोय, आणि ओळख कशाची, तर गुरगुरण्याची.

पत्रा ठोकून घ्यायला आप्पा उद्यमनगरातल्या गॅरेजात गेले. तिथं पुढच्या आठवड्यातला वार मिळाला. तोवर रत्नाबाईंची परीक्षा कशी द्यायची? आप्पांनी एक रात्र विचार केला आणि उत्तर सापडलं. भूमितीच्या पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर बाईंनी पूर्ण मार्क दिले असते: एका डाव्या वळणाऐवजी तीन उजवी वळणं घेतली, की माणूस तिथंच पोचतो.

रत्नाबाई मागं बसल्या, जपमाळ काढली. आप्पांनी रंकाळ्यापासून घरापर्यंत गाडी आणली. एरवी चहा निवत नाही एवढ्यात होणाऱ्या ह्या प्रवासात त्यांनी निम्मं कोल्हापूर दाखवलं. एकच मारुतीचं देऊळ तीनदा आलं. रत्नाबाईंनी विचारलं, तेव्हा आप्पांनी सांगितलं की महापालिकेनं सगळे रस्ते उकरलेत. कोल्हापुरात हे कारण कधीच खोटं ठरत नाही. दारात उतरताना रत्नाबाईंनी माळ पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "आला ऐकू. सगळाच्या सगळा आला." आणि मग, आप्पांना अंगावर मूठभर मांस चढेल असं एक वाक्य: "कांबळ्यांच्यातबी इतका येत न्हाय."

दुसऱ्याच दिवशी आदिती तपासणीला म्हणून रिक्षानं राजारामपुरीच्या दवाखान्यात गेली ती तिथंच राहिली. मुलगी झाली. उद्यमनगरातला वार अजून लांब होता. पण आप्पांना आता त्याची फिकीर नव्हती. दवाखाना ते घर, एकही डावं वळण नसलेला रस्ता त्यांनी पायी चालून, मग जीपनं, मग पुन्हा पायी, असा पक्का करून ठेवला होता.

घरी न्यायच्या दिवशी कांबळेही दवाखान्यात हजर. शब्द दिला होता ना. आदितीनं आशेनं त्यांच्या गाडीकडं पाहिलं. पण रत्नाबाईंनी निकाल जाहीर केला आणि आप्पांच्या आयुष्यातला तो क्षण आला, ज्याची त्यांनी दिवाळीपासून वाट पाहिली होती. ते मोठ्या मनानं म्हणाले, "कांबळेसायेब, आलाच हायसा तर मोकळं कशाला जाताय. गादी, थर्मास आणि बादली तेवढी तुमच्या गाडीत घाला." बादली त्यांनी स्वतःच्या हातानं नव्या कोऱ्या सीटवर ठेवली. कांबळे म्हणाले, "अहो द्या की, त्यात काय." आप्पांना ह्या माणसाचा खरंच राग आला.

मिरवणूक निघाली. पुढं जीप, मागं कांबळे. बाळ आईच्या मांडीवर गाढ. आदिती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आप्पा, ही आपलीच जीप हाय न्हवं? आप्पा आरशात न बघता नुसते मान हलवत होते. तीन उजवी वळणं झाली, मग अजून तीन झाली. मागं कांबळे न विचारता तेवढीच वळणं घेत होते.

आणि मिरजकर तिकटी.

कुठल्याशा तालमीनं फुटबॉलचा कप जिंकला होता. सगळा रस्ता गुलालानं लाल, हलगी कडाडतेय, पोरं खांद्यावर पोरं घेऊन नाचताहेत. चौकात पोलिसानं दोर लावलेला. त्यानं जीपला हात केला: डावीकडं.

आप्पा म्हणाले, उजवीकडं जाऊ द्या. पोलीस म्हणाला, उजवीकडं मिरवणूक आहे. आप्पा म्हणाले, मग सरळ. पोलीस म्हणाला, सरळ तर नाचताहेत. आप्पा म्हणाले, मग मी थांबतो. मागून भोंगे सुरू झाले. पोलीस खिडकीशी आला आणि म्हणाला, "पावणं, डाव्या हाताला काय वाघ बसलाय? वळवा गाडी."

आप्पांनी वळून मागं पाहिलं. एवढ्या हलगीत पोर झोपली होती. हलगी लांबची, एका सुराची. पण ह्या पत्र्याची किंकाळी तिच्या उशाखाली उठणार होती. आदितीचा चेहरा टाक्यांच्या दुखण्यानं आधीच ओढलेला. आप्पांनी एकदा दोरापलीकडं पाहिलं, एकदा स्टिअरिंगकडं. मग जीप बंद केली, खाली उतरले आणि टोपी सारखी करत मागच्या गाडीकडं चालत गेले. तेवढी दहा पावलं त्यांना पन्हाळ्याच्या चढासारखी गेली.

कांबळ्यांनी काच खाली घेतली. आप्पा म्हणाले, "धम्मपाल, बाळ तुझ्या गाडीत घे. माझी डावीकडं वळताना बोंबलत्या. मी तुझाच नंबर बघून टायर घातलं, ते बसंनात."

पहिल्यांदाच त्यांनी कांबळ्यांना नावानं हाक मारली होती. कांबळे हसले नाहीत. दार उघडून खाली उतरले आणि आप्पांच्या हातात किल्ली ठेवली. म्हणाले, "आक्काताईंचं नातवंड आणताना माझे हात कापत होते, आप्पा. मी पहिल्या गिअरच्या वर गेलो न्हाय. ही कामं तुमची. तुम्ही चालवा ही, मी जीप आणतो."

भर चौकात, भोंग्यांच्या गजरात अदलाबदल झाली. आदिती बाळाला घेऊन आणि रत्नाबाई माळ घेऊन कांबळ्यांच्या गाडीत बसल्या. बायकांना ऐसपैस बसता यावं म्हणून कांबळ्यांनी गादी उचलून जीपमध्ये टाकली, बादली आणि थर्मासही घेतला, आणि पोलिसानं हात करताच डावीकडं वळले.

ती किंकाळी मंगळवार पेठेनं कधी ऐकली नव्हती. हलगीवाला क्षणभर चुकला. कांबळ्यांना रस्ता जवळचा वाटला म्हणून त्यांनी पुढची सगळी वळणं डावीच घेतली. जीप बोंबलत गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हा गल्ली खडबडून बाहेर आली. आप्पा आले, बाळ आलं, म्हणत आक्काताई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. मागं तालमीचे पैलवान, टेलर, झाडून सगळे. एवढ्या गर्दीत कुणी आत बघतंय कशाला. आक्काताईंनी भाकरी तीनदा ओवाळून जीपवरनं फेकली, चाकांवर पाणी ओतलं, पुढं होऊन दार उघडलं आणि हात पसरले. आतून धम्मपाल कांबळे उतरले. त्यांच्या छातीशी गादीची वळकटी होती. कुणीतरी तिला कुंकूही लावलं.

आणि ह्या सगळ्याच्या मागं, वीस पावलांवर, आप्पा मगदूम दुसऱ्याच्या गाडीत बसून होते. गाडी आली, थांबली, बंद झाली; एकानंही वळून पाहिलं नाही. एवढी वर्षं आणलेल्या प्रत्येक बाळाबरोबर त्यांचा जो सोहळा व्हायचा, तो त्यांच्या डोळ्यांदेखत कांबळ्यांचा आणि एका गादीचा चालला होता. आप्पांना जीपचाच हेवा वाटला. त्यांचा हात हॉर्नवर गेला.

"आप्पा, नको. उठंल ती," आदिती म्हणाली.

हात खाली आला. रत्नाबाई दार उघडून, दुसरी भाकरी आणायला सांगायचं म्हणून तरातरा गर्दीकडं निघून गेल्या. गाडीत आता तिघंच. आदितीनं पाय लांब करायचा प्रयत्न केला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "जरा धरा की हिला. पाय मुरगाळल्यागत झालाय."

आणि दुपट्यातली ती गाठोडी दोन सीटांमधून पुढं आली.

आता खरं सांगायचं, तर गल्लीतली एवढी बाळं आप्पांनी आणली, पण एकाचंही तोंड त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं. गाडी थांबायचा अवकाश, की बायका दारावर तुटून पडायच्या, बाळ ह्या हातातून त्या हातात, मग उंबऱ्याच्या आत, आणि मागं ड्रायव्हर एकटा. आप्पांना दिसायचा तो फक्त दुपट्याचा रंग. आज पहिल्यांदा एक अख्खं बाळ त्यांच्या मांडीवर होतं आणि मागायला कुणी नव्हतं. कपाळ रत्नाबाईंचं. कान आदितीचे. हनुवटीवर मात्र बारीक खळगी, ती आप्पांची स्वतःची, आरशात रोज दाढी करताना अडचण करणारी. त्यांनी अंगठा पुढं केला, नख आत वळवलं आणि नुसत्या पेरानं तिच्या गालाला हात लावला. आयुष्यात इतकी मऊ चीज त्यांच्या हाताखालून गेली नव्हती. पोरीनं झोपेतच त्यांचा तो अंगठा मुठीत धरला.

बराच वेळ असा गेला. मग रत्नाबाई गर्दीतून आक्काताईंपर्यंत पोचल्या आणि आक्काताईंची नजर इकडं वळली. त्यांनी एक हाक मारली आणि सगळी गल्लीच्या गल्ली, भाकरी, तांब्या, हळदीकुंकू घेऊन गाडीकडं पळत निघाली. सगळ्यांच्या पुढं धम्मपाल कांबळे, हात पसरून, तोंडभर हसत.

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि कोपरानं दाराची कडी लावून काच वर घेतली.